बरोबर उत्तरापाशी

“मॅडम, तुमी बरोबरचं उत्तर वाचताना जरा हळू होता,” किर्ती म्हणाली आणि तिने तांदळाच्या भाकरीच्या तुकड्यात सुका जवळा उचलला. हे तिने कौतुक म्हणून सांगितलं होतं. तुमच्या हाताला चव आहे असं कुणी जेवताजेवता सहज म्हणावं, तसं. मीही सहज ‘हो का’ म्हटलं, हसले, माझ्या डब्यातली शेवग्याची शेंग तिच्या झाकणात वाढली, आणि मग माझा घास तोंडातच राहिला. आजूबाजूला मुली जेवत होत्या, कुणीतरी मोबाइलवर लग्नाच्या घागऱ्यांची डिझाइनं बघत होतं, आणि किर्ती शेंग चोखत होती, अगदी निवांत, चांगला पेपर गेलेल्या मुलीसारखी. तिला वाटलं असेल मॅडमना मिरची लागली. मी पाणी प्यायले आणि डबा बंद केला.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका खासगी आयटीआयमध्ये मी शिवणकामाचा ट्रेड शिकवते. किर्ती भोईर माझ्याच वर्गातली, बदलापूरपुढच्या सोनिवलीची. हातात कापड दिलं की ही मुलगी सगळ्यांच्या पुढे आणि छापील कागद दिला की तिच्या कपाळावर घाम. अक्षरं तिला दिसतात, पण वाचायला गेलं की ती जागा सोडतात. ‘ओळ निसटते,’ एवढंच ती सांगते. याला शिकण्यातली विशिष्ट अडचण म्हणतात, डिस्लेक्सिया, आणि बुद्धीशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे मी स्वतः एका प्रशिक्षणात अलीकडेच शिकले आणि तेव्हापासून भेटेल त्याला शिकवत सुटले आहे. नव्याने पोहायला शिकलेलं माणूस जसं इतरांना विहिरीत ढकलत असतं, तशी माझी गत. किर्तीच्या आईला, विठाबाईंना, मी तीनदा समजावलं. ‘पोरीच्या नावावर अपंगाचा दाखला काढू? उद्या सोयरीक कोन आनील?’ असं त्या म्हणत होत्या. शेवटी त्या माझ्यासोबत सरकारी रुग्णालयात आल्या आणि दाखला हातात घेऊन परतल्या. त्या दाखल्यामुळे आता अंतिम परीक्षेत लेखी पेपरला किर्तीला जास्तीचा वेळ मिळणार होता, आणि प्रश्न वाचून दाखवणारं माणूस मिळणार होतं. त्याचाच सराव आम्ही त्या सकाळी केला होता. कापडाच्या खोलीत, डेनिमच्या ताग्यांमध्ये दोन स्टुलं टाकून मी प्रश्न आणि चार पर्याय वाचत होते, आणि ती सांगेल ते उत्तर मी संगणकावर दाबत होते. वर्गात सगळ्यांत जास्त गुण तिला पडले. फिटर शिकवणाऱ्या हिंदुराव सरांना मी मुद्दाम जिन्यात गाठलं. गणपतीच्या सुमाराला ते म्हणाले होते, ‘मॅडम, त्या पोरीचं प्रॅक्टिकल उत्तम आहे हो, पण थिअरीत आपटणार बघा.’ मी त्यांना गुण सांगितले आणि वर चहाही त्यांच्याकडूनच उकळला.

जेवणानंतर मुली मशिनींवर बसल्या आणि मी कापडाच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. प्रश्नपत्रिका उघडली आणि एकटीच मोठ्याने वाचायला लागले. कापड सर्वांत जास्त कोणत्या दिशेने ताणलं जातं? उभ्या धाग्याच्या, आडव्या धाग्याच्या, तिरक्या म्हणजे उरेब दिशेने, की किनारीच्या? पहिले दोन पर्याय मी भरभर टाकून दिले, ‘उरेब’वर आवाज टेकला आणि किनारीला नुसतं शिवून पुढे गेला. किर्तीचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मी पुन्हा वाचलं, सगळं एका चालीत म्हणायचं ठरवून. आता ‘उरेब’ इतकं घाईने आलं की त्या घाईनेच चहाडी केली. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. तिने फसवलं नव्हतं, तिच्या मनात तसं काही आलंही नव्हतं. शाळेत पाळीपाळीने धडा वाचायचा असे तेव्हा ती शेजारणीकडून आपल्या वाट्याची ओळ आधी ऐकून घ्यायची आणि पुस्तक समोर धरून पाठ म्हणायची, हे तिनेच मला सांगितलं होतं. पुस्तक न वाचता दहावीपर्यंत जायचं तर माणसं वाचायला लागतात. बाईंच्या भुवया, सरांचा खाकरा, बाकावरच्या पोरींचा श्वास. माझा आवाज तिला कुठल्याही पुस्तकापेक्षा सोपा होता. आणि मी वर्षभर तिला काय शिकवलं, कापड की स्वतःला, हेच आता मला कळेनासं झालं होतं.

अंतिम परीक्षेत वाचणारं माणूस परकं असणार होतं, आणि आमच्या ट्रेडचं नसलेलं, तसा नियमच आहे. त्याला उरेब म्हणजे माणूस की गाव हेही ठाऊक नसणार. त्याच्या आवाजात किर्तीला काहीही सापडलं नसतं. पास झाली तर उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात, नमुन्याचे कपडे शिवतात त्या विभागात, तिची अप्रेंटिसशिप ठरल्यासारखी होती. नापास झाली तर विठाबाई तिला पुन्हा बसू देणार नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर तीही बसली नसती. आयुष्यात पहिल्यांदा कागदाने तिला शाबासकी दिली होती. ती शाबासकी माझी होती असं कळल्यावर तिने कागदाचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. मी तिथे ताग्यांना टेकून बसून राहिले. बाहेर बारा मशिनी घरघरत होत्या आणि त्यातली किर्तीची कुठली हे मला दाराआडूनही ओळखू येत होतं, कारण ती मधे थांबत नाही.

संध्याकाळी बदलापूरला घरी जाताना वाटेत मला बाबा आठवत राहिले. बाबा, हरिचंद्र, अंबरनाथलाच एका केमिकलच्या कारखान्यात होते आणि आम्ही उल्हासनगर कॅम्प एकमध्ये राहायचो, एका सिंधी कुटुंबाच्या पापडांच्या वासात. कारखान्याच्या वाफेने म्हणा, वयाने म्हणा, बाबांची नजर लवकर अधू झाली. मग संध्याकाळी पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. ते भिंतीला पाठ लावून बसायचे, डोळे मिटून, आणि मी पहिल्या पानापासून सुरू करायची. कारखाने बंद पडण्याच्या बातम्या तेव्हा रोज असायच्या. एके दिवशी त्यांच्याच कारखान्याचं नाव दिसलं आणि मी ती बातमी ओलांडून क्रिकेटवर गेले. बाबांनी डोळे उघडले नाहीत. ‘आता जे गाळलंस ते वाच,’ म्हणाले. मी म्हटलं, काही नाही गाळलं. ‘यशोधरे, गटार आलं की पोर उडी मारतं, तसा तुझा आवाज आत्ता उडी मारून गेला.’ मी ती बातमी वाचली. ते ऐकत राहिले आणि शेवटी फक्त म्हणाले, ‘बरं, आता क्रिकेट.’ आवाजात काही लपत नाही हे मला नववीत कळलं होतं. मास्तरीण झाल्यावर मात्र मी कशी विसरले कोण जाणे. फळ्यासमोर उभं राहिलं की आपण नुसते मजकूर असतो, माणूस नसतो, असं काहीतरी वाटायला लागतं.

आणि तिथून मन विहारात गेलं. रविवारच्या वंदनेला बाबा मला पुढच्या रांगेत बसवायचे. वंदना पालीत, सगळ्यांना पाठ असतेच असं नाही. ज्यांना येते ते म्हणतात आणि ज्यांना येत नाही ते त्यांच्या मागून म्हणतात, शब्दाचं शेपूट धरून, अर्ध्या श्वासाने उशिरा. मागच्या रांगांतून ती एक बारीक सावली सतत ऐकू येते. कुणी त्यावरून कुणाला बोलत नाही, तशीच सगळे शिकतात. मीही कितीतरी दिवस बाबांच्या ओठांकडे बघत म्हणायची आणि मला सगळं येतं अशी माझी समजूत होती. मग एका थंडीत बाबांना मधेच खोकल्याची उबळ आली. ते थांबले आणि माझ्या लक्षात आलं की माझा आवाज एकटाच पुढे चालला आहे. भीती वाटली, मजाही वाटली, पण थांबले नाही. रिक्षा गल्लीत वळली तेव्हा माझं ठरलं होतं. किर्तीसमोर मला तसा खोकला यायला हवा होता, म्हणजे तिला आधार देणारा आवाज थांबला असता. उत्तरं ठाऊक असताना मला तो येणं शक्य नव्हतं, तेव्हा मी मुकेशला कामाला लावायचं ठरवलं.

मुकेश माझा नवरा. उल्हासनगरला एका सिंधी कापडव्यापाऱ्याकडे बिलं करतो, शेठ त्याला ‘साईं’ म्हणतो आणि तोही घरी चुकून मला कधी साईं म्हणतो. वाचण्याच्या बाबतीत देवाने त्याला एकच सूर दिला आहे. लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरची सूचना, मेव्हण्याचं आलेलं रडकं पत्र, सगळं तो एकाच आवाजात वाचतो, पाच वार, दहा वार म्हटल्यासारखं. प्रेमात पडले तेव्हा मला हे कळायला हवं होतं, पण त्या रविवारी मला त्याचा अभिमान वाटला. किर्ती आमच्या घरी आली, सोबत शेतावरचे वाल घेऊन. मी स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीआड उभी राहिले, कारण माझा चेहराही तिच्यासमोर नको होता. मुकेशने वाचायला सुरुवात केली. कुठे थांबायचं ते त्याला माहीत नव्हतं, ‘ओव्हरलॉक’ शिलाईला तो ‘ओवरलोड’ म्हणाला, आणि सगळे पर्याय एका माळेत ओवून त्याने तिच्यापुढे टाकले. किर्ती गप्प. मग एक उत्तर. मग ‘काका, परत वाचा.’ अर्ध्याहून अधिक प्रश्न चुकले. मुकेशने मला हाक मारून सगळं त्याच सपाट आवाजात सांगितलं आणि त्याला बिचाऱ्याला काय झालं ते कळलंच नाही.

किर्तीला कळलं. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “मंजे मना काय येत नाय,” ती म्हणाली. “ते तुमचेच मार्क व्हते.” मी काहीतरी बोलायला लागले, पहिलीच वेळ आहे, सवय नाही, काका वाचतातच तसं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी बोलत होते त्यावर माझा स्वतःचा विश्वास नव्हता हे तिला दिसत होतं. माझं काय तिच्यापासून लपणार होतं? वाल तसेच ओट्यावर ठेवून ती निघून गेली. त्या रात्रीचं जेवण मी रागावून केलं, कुणावर ते ठरवता आलं नाही म्हणून मुकेशवर. आतून मला लाज वाटत होती. मदत म्हणून मी जे दिलं होतं त्यानेच तिच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती, आणि हे सांगणारी तीच होती, भाकरी खाताना, माझं कौतुक करताना.

पुढचे काही दिवस ती यायची, मशीनवर बसायची, शिवायची, आणि कापडाच्या खोलीकडे फिरकायची नाही. प्रश्नपत्रिका काढली की तिला पाणी प्यायला जायचं असायचं. मला दोनदा वाटून गेलं की जाऊ दे, हिला असंच पुढे न्यावं, परीक्षेचं परीक्षेत बघू. पण परीक्षेत मी नसणार हे कितीही वेळा घोळवलं तरी बदलत नव्हतं. मग एका दुपारी मी तिच्या मशीनजवळ स्टूल ओढलं. ती जीन्सच्या खिशाची कड दुमडत होती. “चूक माझी होती, किर्ती,” मी म्हटलं. “मी वाचता वाचता उत्तर सांगत होते आणि मला ते कळलं नाही. तू काही वाईट केलं नाहीस.” ती शिवत राहिली. मी चाचपून बघावं म्हणून विचारलं, पर्याय न देता, असंच, “कापड सगळ्यांत जास्त कुठून ताणतं गं?” तिने मान वर केली नाही. खिशाचा तुकडा तिरका धरून दोन्ही हातांनी ओढून दाखवला आणि म्हणाली, “असा. उरेब.” मी तिच्या मागे उभी राहिले, म्हणजे तिला माझा चेहरा दिसणार नाही. कैची कागदावर का चालवायची नाही? धार जाते. डेनिम धुऊन आटतं, मग काय करायचं? कापायच्या आधी धुवायचं. एकामागून एक विचारत गेले, आणि ती शिवता शिवता उत्तरं देत गेली, थोडी वैतागून, आईने विचारलेल्या प्रश्नांना देतात तशी. तिला सगळं येत होतं. मी पुन्हा स्टुलावर बसले.

“मग काकांकडे काय झालं?” मी विचारलं. किर्तीने पाय उचलला, मशीन थांबली. असा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. ‘अभ्यास कर’, ‘लक्ष दे’, ‘पुन्हा वाच’ हे सगळ्यांनी सांगितलं होतं. काय होतं, असं कुणी विचारलं नव्हतं. “काका चवथं वाचतात ना,” ती सावकाश म्हणाली, “तवर पयलं पलून जातं. चार मना धरता येत नाय. तुमी वाचता तवा धरावं लागत नाय, तुमी थांबता तिथं मी थांबते.” तिने हात पुढे केला आणि बंद करून उघडला, त्यात काही नाही असं दाखवल्यासारखा. मग तिनेच अंगठा पहिल्या बोटाच्या टोकावर टेकवला आणि डोळे मिटले. “परत सांगा,” म्हणाली. “हळू नका होऊ, काकांसारखंच.” मी जमेल तितक्या बिलाच्या सुरात वाचलं. एकेका पर्यायाला तिचा अंगठा पुढच्या बोटावर सरकला. जो पर्याय नको त्याचं बोट तिने मुडपून टाकलं. एक मुडपलं, आणखी एक, थांबली, तिसरं मुडपलं. करंगळी उभी राहिली. “हे,” ती म्हणाली.

त्यानंतर आमच्या घरी रविवारी एक वेगळंच दृश्य असायचं. मुकेश खुर्चीत ताठ बसून ‘हाताशिलाईचे टाके’ त्याच्या सपाट सुरात वाचायचा आणि समोर किर्ती डोळे मिटून बोटं मुडपायची. मुकेशला आता यात भलताच रस आला होता, तो प्रत्येक प्रश्न दोनदा वाचायचा आणि मधे नाक न खाजवण्याची खबरदारी घ्यायचा. पहिल्या आठवड्यात तिचं बोट पुष्कळदा घोटाळ्यात पडायचं, नकोचं हवं व्हायचं. ‘साला, परत,’ असं ती स्वतःलाच म्हणायची आणि मग काकांसमोर बोलले म्हणून जीभ चावायची. गुण हळूहळू वर आले. माझ्या वेळचे सगळे आले नाहीत, पण जे आले ते तिचे होते, आणि हे तिलाही माहीत होतं, कारण ती आता गुण विचारायच्या आधी कुठलं चुकलं ते विचारायची. तरी माझ्या मनातून एक शंका जात नव्हती. मुकेशला उत्तरं येत नव्हती, म्हणून ती स्वतःची उत्तरं देत होती. ज्याला उत्तर येतं असं माणूस समोर आलं की काय करेल? साहेब, सुपरवायझर, सासू, जग भरलेलं आहे अशा माणसांनी. परीक्षेच्या हॉलमध्ये वाचणाऱ्याला काही येत नसलं तरी त्याच्या आवाजाला काहीतरी कल असणारच, प्रत्येकाच्या असतो, आणि किर्तीइतके तिखट कान कुणाचे नाहीत.

परीक्षेआधीच्या शुक्रवारी वसाहतीतली वीज दुरुस्तीसाठी बंद होती. मशिनी गप्प, पंखे गप्प, मुली लवकर घरी गेल्या. किर्ती थांबली आणि म्हणाली, “आज तुमीच वाचा, मॅडम.” मी नको म्हटलं. ती म्हणाली, “वाचा ना, मना बघायचं हाय.” काय बघायचं आहे ते मी विचारलं नाही. खिडकीजवळ बसलो आणि मी वाचायला लागले, सांभाळून, आवाजाला पोत्यात घालून. काही प्रश्न बरे गेले. मग आला, शिवताना मशीन टाका सोडत असेल तर सर्वांत आधी काय तपासाल? पट्टा, सुई, बॉबिन, तेल. त्याच सकाळी माझ्या घरच्या मशीनच्या बॉबिनने मला रडवलं होतं, मुकेशचा पायजमा अर्धा तसाच पडला होता, आणि माझ्या डोक्यात ते बॉबिन अजून खडखडत होतं. मी ‘बॉबिन’ म्हटलं आणि माझा आवाज तिथे टेकला. मला कळलंही नाही. मला तेच बरोबर वाटत होतं.

किर्तीचा अंगठा चारही बोटांवरून फिरला. पट्ट्याचं बोट मुडपलं. तेलाचं मुडपलं. मग ती थांबली, आणि डोळे उघडून तिने माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं, सरळ चेहऱ्यात. तिसरं बोट उभं होतं आणि दुसरं उभं होतं. बाहेर ट्रक मागे घेण्याचा आवाज येत होता. तिने पुन्हा डोळे मिटले आणि तिसरं बोट मुडपलं.

“सुई,” ती म्हणाली. “तुमी बॉबिनवर हळू झालात. पण टाका सोडला तर आदी सुईच बघायची, वाकली हाय का, उलटी बसली हाय का. पयल्या महिन्यात तुमीच शिकवलंत.”

मी कागदाच्या शेवटी छापलेलं उत्तर पाहिलं. सुईच होती. मी तिला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं आणि आज स्वतःच विसरले होते, आणि तिने माझ्या हातून सुटलेलं मला बाजूला सारून उचललं होतं. इतका आनंद मला माझ्या बरोबर असण्याचा कधी झाला नव्हता. डोळे भरून आले, बरोबर म्हणून ओरडावंसं वाटलं, तिच्या त्या मुडपलेल्या बोटांची मूठ धरावीशी वाटली. पण परीक्षेत वाचणारा काही सांगणार नव्हता. मी तोंड मिटून बसले आणि माझा चेहरा काय बोलतो आहे याची मला भीती वाटली.

ती माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. तिचा अंगठा पहिल्या बोटावर येऊन थांबला होता.

“वाचा ना, मॅडम,” ती म्हणाली. “पुढचा.”